पाच नंबरची पुडी

ही हकीकत मी आजवर टाळत आलो. सांगायची वेळच आली नाही असं म्हणता येणार नाही. ती बरेचदा आली, दारात उभी राहिली आणि प्रत्येक वेळी मी मागच्या दाराने निसटलो. निवृत्त झालो तेव्हा विद्यार्थ्यांनी आग्रह धरला, सर, आठवणी लिहा. मी गुडघेदुखीचं कारण सांगितलं. माणूस गुडघ्यांनी लिहीत नाही हे त्यांच्यातल्या एकाच्याही लक्षात आलं नाही, यावरून मी त्यांना तर्कशुद्ध विचार किती शिकवला होता ते कळतं. आता नव्वदी समोर दिसते आहे. ज्याला हे सांगायला हवं होतं तो माणूस गेल्या थंडीत गेला. तेव्हा आता लिहायला हरकत नाही असं माझं भित्रं मन म्हणतं. भित्र्या मनाला नेहमी उशिराच धीर येतो.

मी तरुण होतो त्या दिवसांत आमचं उज्जैन जागेवरून न हलता फार लांबचा प्रवास करत होतं. पाटी-पेन्सिल घेऊन शाळेत जाऊ लागलो तेव्हा आम्ही संस्थानात राहत होतो, मॅट्रिक झालो तेव्हा मध्यभारतात, आणि बाहेरगावी एम.एस्सी. करून परतलो त्याच्या आसपास मध्य प्रदेशात. गल्ली तीच, नळ तोच, नळावरची भांडणंही तीच. आमचे पूर्वज मराठ्यांच्या दरबारी लेखणी घेऊन इकडे आले, आणि ती लेखणी पुढच्या सगळ्या पिढ्यांनी इमानाने कानावर ठेवली. वडील महसूल खात्यात कारकून होते. राज्यं जुळवली गेली तशी त्यांच्या खात्याची कागदपत्रं ग्वाल्हेरहून भोपाळला निघाली, आणि वडिलांच्या मते त्यातली निम्मी कधी पोहोचलीच नाहीत. सरकार कुठलंही येवो, पक्की नोकरी म्हणजे पक्की नोकरी, एवढंच त्यांचं राजकारण होतं.

माझी नोकरी पक्की नव्हती. गावात नवं विद्यापीठ निघालं होतं, त्याच्या इमारतीपेक्षा पाटी मोठी होती. तिथे रसायनशास्त्रात मी शोधछात्र म्हणून लागलो. शोध कशाचा लावायचा ते ठरायचं होतं, उपकरणं यायची होती. तोवर बी.एस्सी.च्या मुलांची प्रॅक्टिकलं घ्यायची, त्यांच्या वह्या तपासायच्या, परीक्षेची मांडामांड करायची. या कामाला डेमॉन्स्ट्रेटर म्हणत. प्राध्यापकांच्या लेखी मी विद्यार्थी, विद्यार्थ्यांच्या लेखी अर्धा प्राध्यापक आणि माझ्या स्वतःच्या लेखी पूर्ण. लेक्चररच्या जागेसाठी विभागप्रमुखांनी माझं नाव पाठवलं होतं आणि ती फाइल भोपाळला गेली होती. मी संध्याकाळी घरी पाय ठेवला की वडील चष्मा वर करून विचारायचे, "भोपाळहून कागद आला का?" आधी हे, मग चहा.

पांढरा कोट प्रयोगशाळेत घालायचा असतो. मी तो प्रयोगशाळेतून घरी येतानाही घालायचो, देवास गेटपासून थेट गल्लीपर्यंत, उन्हाळ्यातसुद्धा. शेजारच्या काकूंनी एकदा मला थांबवून खोकल्याचं औषध मागितलं. त्यांच्या समजुतीप्रमाणे मी कुठल्यातरी दवाखान्यात कंपाउंडर होतो. मी त्यांना रसायनशास्त्रातलं संशोधन म्हणजे काय ते उभ्या उभ्या समजावून सांगितलं. ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "असू दे. पण खोकल्यावर काही आहे का?"

गल्लीच्या टोकाला दादा राहायचा. माझा सख्खा भाऊ नव्हे, सगळ्या गल्लीचाच तो दादा. माझ्याहून सात वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले म्हणून मॅट्रिकनंतर कापडाच्या गिरणीत रंगखात्यात लागला. दोघा भावांना शिकवलं, बहिणीचं लग्न केलं आणि मग आपलंही काही राहिलं आहे याची आठवण झाल्यासारखा कॉलेजात आला. सकाळी कॉलेज, दुपारी तीनपासून गिरणीची दुसरी पाळी. मला पोहायला त्यानेच शिकवलं होतं. क्षिप्रेत माझ्या हनुवटीखाली तळहात धरून तो पुढे पुढे सरकायचा. मी बुडायच्या भीतीने त्याच्या मनगटावर इतके ओरखडे काढले होते की त्याच्या आईने घरात मांजर कुठून आली असं विचारलं.

त्याच्या नखांच्या मुळाशी कायम रंग असायचा, कधी निळा, कधी तांबडा. आणि डोळा असा की रंगखात्यात कापडाचा रंग नमुन्याच्या चिंधीशी जुळला की नाही हा वाद झाला, तर खुद्द रंगमास्तर म्हणायचे, दादाला दाखवा. दादा कापड खिडकीपाशी नेऊन उजेडात धरायचा आणि सांगायचा, यात निळं थोडं जास्त पडलं. मग कढईत खरोखरच निळं जास्त पडलेलं निघायचं. रंगमास्तरांच्या हाताखाली एक जागा निघाली होती. त्यासाठी पदवी लागत होती. मॅनेजरने दादाला शब्द दिला होता की जूनपर्यंत बी.एस्सी. होऊन ये, जागा तुझी. गल्लीत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. मलाही होती.

तर असा हा दादा माझ्या वर्गात माझा विद्यार्थी म्हणून आला. पहिल्याच दिवशी सगळ्या मुलांसमोर त्याने विचारलं, "अरे, ही तार ज्योतीत कशी धरायची रे?" मी त्याला बाजूला घेतलं आणि, लिहिताना आजही कान तापतात, मी त्याला "तुम्ही" म्हणून सांगितलं की इथे मला सर म्हणत जा. त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली.

"बराबर आहे," तो म्हणाला. "इथे आपण सर."

त्यानंतर त्याची एकदाही चूक झाली नाही. प्रयोगशाळेत "सर, आपण", आणि गल्लीत "अरे, येतो का नदीवर?" दोन्ही तो सारख्याच सहजपणे बोलायचा. मला मात्र त्याने गल्लीतही सर म्हटलं असतं तर चाललं असतं.

आता परीक्षेविषयी थोडं सांगायला हवं. बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला प्रत्येकाला कागदाची एक पुडी मिळते. आत पांढरी पूड. तिच्यात कुठले क्षार आहेत ते तपासून ओळखायचं. पुड्या डेमॉन्स्ट्रेटरने बांधायच्या, वाण्यासारख्या तोलून, आणि कुठल्या नंबरच्या पुडीत काय आहे त्याची यादी करून ठेवायची. बाहेरगावचे परीक्षक त्या यादीशी उत्तर ताडून गुण देतात. यादी म्हणजे देववाणी. तिच्यात चूक असेल ही शंका कुणालाच येत नाही.

आणि आमच्याकडे एक रीत होती. ती मी सुरू केली नाही, पण तिच्यात मी तरबेज होतो. मुलं तिला बाटली सरकवणं म्हणायची. परीक्षक विभागप्रमुखांच्या खोलीत पोहे-जलेबी खात असले की डेमॉन्स्ट्रेटरने टेबलांमधून चक्कर मारायची आणि ज्याच्या पुडीत जे असेल त्याच्या कसोटीला लागणारी बाटली सहज त्याच्यापुढे सरकवायची. तोंडाने काही बोलायचं नाही. म्हणजे सांगितलंही नाही आणि कळलंही. ज्याची बाटली वेळेवर सरकते तो डेमॉन्स्ट्रेटर मुलांचा लाडका. मी फार लाडका होतो.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मी आणखी एक कर्तबगारी केली. विभागप्रमुखांनी सहज बोलता बोलता म्हटलं होतं की नवं राज्य, नवं विद्यापीठ, आता आपल्या बाटल्यांवरची नावंही नागरी लिपीत हवीत. माझं अक्षर वळणदार. पूर्वजांची लेखणी शेवटी कामाला आली. मी दोन दिवस बसून शंभरावर लेबलं लिहिली, प्रत्येकाभोवती लाल शाईची दुहेरी रेघ. मग जुनी इंग्रजी लेबलं काढायची म्हणून सगळ्या बाटल्या एकदम पाण्याच्या टबात बुडवल्या. एकेक नव्हे, अख्खी रांग. लेबलं सुटली, तरंगू लागली, आणि मी बाटल्या त्याच क्रमाने टेबलावर मांडल्या. कुठली बाटली कितवी हे माझ्या डोक्यात पक्कं होतं. मग मी विभागप्रमुखांना लेबलं दाखवायला गेलो. त्यांनी वाहवा केली. मी ती बराच वेळ उभ्याने ऐकली. परत आलो तोवर प्रयोगशाळेतल्या म्हाताऱ्या चाचांनी, ते तिथले सर्वांत जुने नोकर, टेबल ओलं दिसलं म्हणून पुसून काढलं होतं आणि बाटल्या परत ओळीने लावल्या होत्या. ओळ सरळ होती. मला एवढंच दिसलं. मी लेबलं चिकटवली आणि परीक्षेच्या पुड्या त्याच बाटल्यांतून बांधल्या.

परीक्षेच्या दिवशी पाच नंबरची पुडी नऊ जणांना आली. यादीप्रमाणे तिच्यात बेरियम होतं. बेरियम असलं की ज्योत हिरवी होते, आणि पोटॅशियम क्रोमेट टाकलं की तळाशी पिवळा साका बसतो. बेरियमऐवजी त्याचाच शेजारी स्ट्रॉन्शियम असेल तर ज्योत लालभडक होते आणि क्रोमेटचा काही उपयोग नसतो. रसायनशास्त्रातलं यापलीकडचं काही या हकीकतीला लागणार नाही.

परीक्षक खोलीत गेले तशी मी क्रोमेटची पिवळी बाटली घेऊन चक्कर मारायला सुरुवात केली. आठ टेबलांवर ती आठ वेळा सरकली आणि आठही जणांनी मान खाली घालून बेरियम लिहिलं. नववा दादा. मी त्याच्यापुढे बाटली सरकवली. त्याने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दोन बोटांनी ती परत माझ्याकडे सरकवली.

"सर, ही इथे लागणार नाही," तो हळूच म्हणाला. "ज्योत लाल येते आहे. आपण एकदा बघता का?"

बर्नर माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मान वळवली असती तरी पुरे होतं. पण माझी सरकवलेली बाटली कुणी परत केली नव्हती, आणि आजूबाजूची दोन-तीन मुलं बघत होती. परीक्षेत प्रश्न विचारायचे नसतात, एवढं म्हणून मी पुढे गेलो.

तोंडी परीक्षेला परीक्षकांनी दादाला विचारलं, काय निघालं? दादा म्हणाला, स्ट्रॉन्शियम. त्यांनी यादीवर बोट ठेवलं, दादाची वही पाहिली, मग मला विचारलं, "आपने ज्योति देखी थी?"

"जी सर," मी म्हणालो. "हरी थी."

न बघता म्हणालो. त्या क्षणी मला ते खोटं वाटलंच नाही. यादीत बेरियम होतं, बेरियमची ज्योत हिरवी असते, म्हणजे मी पाहिली असती तर हिरवीच पाहिली असती. शास्त्राचा अभ्यास माणसाला असा कामी येतो. परीक्षकांनी विचारलं तेव्हा दादाने आपण गिरणीच्या रंगखात्यात आहोत हे सांगितलेलं होतं. ते हसून म्हणाले, रंगखाने में रहकर लाल-हरा नहीं पहचानते भाई? मीही हसलो. दादा हसला नाही. तो आपल्या वहीकडे बघत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी मी उरलेल्या पुड्या आवरत होतो. प्रयोगशाळेत कुणी नव्हतं, चाचा जेवायला गेले होते. पाच नंबरची एक पुडी शिल्लक होती. ती फेकून द्यायची होती. का कोण जाणे, मी तार ॲसिडात बुडवली, पुडीत टेकवली आणि ज्योतीत धरली.

अशी लाल ज्योत मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. दिवसाउजेडी समोरच्या पांढऱ्या फरशीवर तिचा रंग पडला. मी तार धुतली आणि पुन्हा धरली. पुन्हा लाल. मग मी माझ्या वळणदार अक्षरातली बेरियमची बाटली उघडली. लाल. शेजारची स्ट्रॉन्शियमची उघडली. हिरवी, अगदी पुस्तकातल्यासारखी.

म्हणजे आठ मुलांनी लाल ज्योत डोळ्यांनी पाहून हिरवी लिहिली होती. पिवळा साका बसला नसताना बसला म्हणून लिहिलं होतं. एकाने तर "सुंदर पिवळा" असं लिहिलं होतं, मी स्वतः वाचलं होतं. नऊ जणांत परीक्षा एकानेच दिली होती आणि तो एकटा नापास होणार होता.

परीक्षक अजून गावातच होते. महाकाळचं दर्शन घेऊन दुपारच्या गाडीने निघणार होते. गुणांचं पाकीट त्यांच्या बॅगेत, पण बॅग उज्जैनच्या हद्दीत. मी सायकल काढली. वाटेत मनाशी वाक्य जुळवत होतो, हिंदीत, कारण परीक्षक हिंदी भाषिक. सर, एक भूल हो गई है. वाक्य छोटं होतं, पण त्याच्या मागून काय काय येणार ते मला दिसत होतं. लेबलं चुकली हे सांगितलं की मग आठ जणांना बेरियम कसं सापडलं, हे सांगावं लागणार. बाटली सांगितली की मग हरी थी सांगावं लागणार. आणि भोपाळला कुठल्यातरी टेबलावर पडलेली ती फाइल, मला वाटलं, मी इथे तोंड उघडलं की तिथे आपोआप बंद होईल. वडील चष्मा वर करून माझ्याकडे बघतील.

स्टेशनवर परीक्षक बाकावर बसले होते. मला बघून त्यांना फार आनंद झाला. एवढ्या उन्हात पोहोचवायला आलात, म्हणाले. मी वाक्य म्हणण्यासाठी तोंड उघडलं आणि माझ्या कानांनी ऐकलं, "सर, सुराही में पानी भर दूँ?"

मी त्यांची सुरई भरली. त्यांची वळकटी डब्यात चढवली. गाडी हलली तेव्हा हात जोडून उभा राहिलो. असा विनयशील तरुण हल्ली मिळत नाही असं त्यांनी नंतर विभागप्रमुखांना पत्रात लिहिलं, आणि ते पत्र, मला पुढे कळलं, माझ्या फाइलला जोडून भोपाळला गेलं.

स्टेशनवरून मी परत प्रयोगशाळेत आलो आणि त्या दोन बाटल्यांची लेबलं भिजवून काढली. या वेळी एका वेळी एक बाटली, पुसून, वाळवून, दोनदा तपासून. माझ्या आयुष्यातलं सर्वांत काळजीने केलेलं काम ते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी घराच्या ओट्यावर पेपर वाचत होतो. दादा आला आणि शेजारी बसला. 

"एक विचारू?" तो म्हणाला. "सरांना नाही, तुला विचारतोय."

मी म्हटलं, विचार ना.

"मला लाल दिसलं रे. तीन वेळा धरून बघितलं, तीनही वेळा लाल. तू पण बघितलीस म्हणालास. खरं सांग, तुला काय दिसलं?"

आता मला माहीत होतं. परवा हरी थी म्हणालो तेव्हा मी गर्विष्ठ होतो, आता गर्वाचीही सबब उरली नव्हती. तो चिडला असता, हुज्जत घातली असती, तर कदाचित मी भांडता भांडता खरं बोलून गेलो असतो. पण तो मला जाब विचारायला आला नव्हता. तो माहिती विचारायला आला होता.

"हिरवं," मी म्हणालो.

"पक्कं?"

"पक्कं."

त्याने आपले दोन्ही हात समोर धरले आणि नखांकडे बघत राहिला. त्या दिवशी ती तांबडी होती. मग उठून गेला.

निकाल लागला. प्रॅक्टिकलमध्ये नापास म्हणजे सगळ्यात नापास. गिरणीतली ती जागा अहमदाबादहून आलेल्या कुणाला मिळाली. दादा पुन्हा परीक्षेला बसला नाही. लोकांना वाटलं, वय झालं, कंटाळला. पण खरं कारण त्याची आई एकदा माझ्या आईला नळावर सांगत होती. तो सरकारी दवाखान्यात जाऊन डोळे तपासून आला होता. डॉक्टरांनी रंगीत लोकरीचे तुकडे पुढे टाकून निवडायला सांगितले. त्याने सगळे बरोबर निवडले. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत. घरी येऊन तो आईला म्हणाला, डोळे ठीक आहेत म्हणतात, म्हणजे दोष वर डोक्यात असणार.

रंगखात्यातली हकीकत मला गिरणीतल्या दुसऱ्या एका ओळखीच्याकडून कळली. दादा कापड खिडकीशी न्यायचा, उजेडात धरायचा आणि मग शेजारच्याला विचारायचा, हा लालच आहे ना? आधी सगळ्यांना वाटलं, गंमत करतोय. मग हसायला लागले. काही महिन्यांनी त्याने स्वतःच अर्ज करून बदली मागून घेतली, कापडाच्या गाठी बांधतात त्या खात्यात. तिथे रंग बघावे लागत नाहीत. त्याच्या नखांचा रंग हळूहळू उतरत गेला. वर्षभरात त्याचे हात माझ्या हातांइतके स्वच्छ दिसायला लागले.

माझा कागद भोपाळहून आला. वडिलांनी गल्लीत पेढे वाटले. पहिला पेढा घ्यायला दादा आला, माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "आता खरा सर झालास." मी त्याच्या पाया पडलो. मनात म्हटलं, झाली माफी मागून. पायांना काय कळतं, कुणी कशासाठी हात लावला ते.

पुढे महाराष्ट्र झाला तेव्हा गल्लीतली दोन-तीन मराठी घरं तिकडे गेली. मलाही पुण्याला एक जागा चालून आली होती. मी गेलो असतो तर दादा रोज दिसला नसता. पण वडील म्हणाले, पक्की नोकरी सोडून कुठे जातोस, आणि मी आज्ञाधारक मुलगा. म्हणून रोज सकाळी दादा, आता पहिल्या पाळीला, गिरणीत जाताना दिसायचा आणि हात वर करायचा. मी तो दिसायच्या आत पेपर चेहऱ्यासमोर धरायला शिकलो. माझ्याइतका पेपर गल्लीत कुणी वाचला नसेल.

पस्तीस वर्षं शिकवलं. दर वर्षी ज्योतींच्या कसोट्यांचा दिवस यायचा आणि दर वर्षी मी स्ट्रॉन्शियमच्या वेळी कसल्यातरी कामाने बाहेर पडायचो. सहकाऱ्यांत असा समज होता की मला त्याच्या धुराची ॲलर्जी आहे. बाटल्यांच्या लेबलांबाबत माझी शिस्त प्रसिद्ध होती. एका वेळी एकच बाटली भिजवायची, हा नियम मी भिंतीवर लिहून लावला होता. निरोप समारंभात एका विद्यार्थ्याने भाषणात सांगितलं की सरांचा काटेकोरपणा आम्हाला जन्मभर पुरेल. टाळ्या पडल्या. हार माझ्या गळ्यात होता, त्यात झेंडूची फुलं होती, लाल आणि पिवळी. हिरवं काही नव्हतं, पानंसुद्धा काढून टाकलेली.

मी एकदा पत्र लिहिलं. चार पानी. लिहून झाल्यावर वाचलं तर त्यात एक वाक्य होतं, "त्या प्रसंगी लेबलांची अदलाबदल झालेली असण्याची शक्यता नाकारता येत नाही." जन्मभर प्रयोगाच्या वह्या तपासल्या की माणूस माफीसुद्धा अशा भाषेत मागतो, जिच्यात कुणी काही केलेलंच नसतं. ते पत्र मी फाडलं. दुसरं लिहिलं नाही.

काही वर्षांपूर्वी कळलं की दादाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तो मुलाकडे राहायचा, नानाखेडा बस स्टँडच्या पलीकडच्या कॉलनीत. मी ठरवून गेलो. रिक्षात बसल्यापासून एकच वाक्य मनात घोळवत होतो, मराठीत, साधं, पाच-सहा शब्दांचं. टावर चौकात रिक्षा अडकली तेव्हा उतरून परत जावं असंही मनात आलं, पण गेलो.

दादा गॅलरीत खुर्चीवर बसला होता. काळा चष्मा, अंगावर शाल. माझा आवाज ओळखून उठायला लागला. मी खांद्यावर हात ठेवून त्याला बसवलं आणि पायाशी वेताच्या मोड्यावर बसलो. मुलगा दवाखान्यातल्या गोष्टी सांगू लागला. दादा मध्येच म्हणाला, "डॉक्टरने आत नवं भिंग बसवलंय. आता रंग बराबर दिसतात म्हणे. मी आपला सुनेला विचारून घेतो." आणि हसला. त्याने साठ वर्षं ही सवय सोडली नव्हती.

मुलगा चहा आणायला आत गेला. आम्ही दोघेच. मी वाक्य जिभेवर आणलं.

"याला नेहमी सांगतो मी," दादा आतल्या बाजूला मान करून म्हणाला, "की आपल्या ओळखीत एकच माणूस असा निघाला, ज्याने घरच्या माणसालाही वशिल्याने पास केलं नाही. मी त्याला मांडीएवढ्या पाण्यापासून शिकवलं, पण परीक्षेत त्याने मला हिरवं ते हिरवंच सांगितलं. असे मास्तर आता कुठे?"

आतून मुलाचा आवाज आला, "काका, बाबा तुमचं नाव घेतल्याशिवाय एक दिवस राहत नाहीत."

मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला. मी दोन कप चहा प्यायलो, सोबत शेव खाल्ली, आणि निघताना दादाला म्हणालो, तब्येत सांभाळ. एवढं म्हणायला मी नानाखेड्यापर्यंत गेलो होतो.

मी ते वाक्य त्या दिवशी बोललो असतो तर त्याच्याकडे असलेला एकमेव प्रामाणिक मास्तर गेला असता, पण त्याला त्याचे डोळे परत मिळाले असते. सौदा सरळ होता. मी त्याचे डोळे माझ्याकडेच ठेवून घेतले आणि रिक्षा करून घरी आलो.

गेल्या थंडीत तो गेला. क्षिप्रेच्या घाटावर त्याच्या मुलाने मला पुढे उभं केलं, घरचा माणूस म्हणून. तिथेही मी ते मनातल्या मनात म्हटलं, पण मनातलं तर मी साठ वर्षं म्हणतच आलो आहे. म्हणून आता कागदावर लिहितो, त्याच्या मुलाने वाचावं, नातवाने वाचावं, आणि माझ्या विद्यार्थ्यांनीही.

दादा, ज्योत लाल होती. तुला बरोबर दिसलं होतं. मला माफ कर.